सुमनच्या लॅपटॉपची मिसल

१९९६ साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वामनराव कोंडावारांच्या ओसरीवर खरेदी समितीची पहिली बैठक झाली. विषय, एक लॅपटॉप. अंदाजे रक्कम, एक लाख अठरा हजार रुपये. हजर, अध्यक्ष म्हणून स्वतः वामनराव, मागणी करणारी म्हणून त्यांची मुलगी सुमन आणि हिशेब तपासणारा म्हणून मी. वामनरावांच्या पत्नी शांताबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा वामनरावांनी त्यांचंही नाव हजेरीत घेतलं आणि पुढे लिहिलं, 'चहापुरत्या.'

हे सगळं घरातलं होतं. यात सरकारचा एक पैसाही नव्हता.

वामनराव आणि मी आदिलाबादला एकाच सरकारी खात्यात. ते स्टोअरकीपर, मी हिशेब शाखेत. मावला गावाच्या बाजूच्या वसाहतीत आमची घरंही भिंतीला भिंत लावून. खात्याचा नियम असा, की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दुकानांची लेखी कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनातक्ता करायचा आणि सगळ्यात कमी भाव असेल त्याला मंजुरी द्यायची. आम्ही बाकीचे हा नियम संध्याकाळी पाच वाजता दफ्तरात ठेवून घरी यायचो. वामनराव तो घरी घेऊन यायचे.

"तीन कागद नाईत तं गोष्टच नाई, भाऊ," असं ते म्हणायचे. उठता बसता म्हणायचे.

आठवडी बाजारात ते तीन बायकांना वांग्यांचा भाव विचारून तळहातावर लिहून घेत. तुलना करून सगळ्यात स्वस्त बाईकडे परत जाईपर्यंत तिची वांगी संपलेली असत. नियमाप्रमाणे दुसऱ्या नंबरच्या बाईकडे जाता येत नसे. मग 'टेंडर रद्द' असं म्हणून ते रिकामी पिशवी घेऊन घरी येत. त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं. पिठल्याचा वास आला की आमची मंडळी म्हणायची, आज बाजाराचा दिवस दिसतो.

एकदा त्यांची दाढ दुखू लागली. ती काढायचा भाव त्यांनी आदिलाबाद, मंचेरियल आणि नागपूर अशा तीन ठिकाणच्या डॉक्टरांकडे लेखी मागितला. मंचेरियलच्या डॉक्टरने कागदावर भाव लिहून द्यायला नकार दिला. म्हणजे दोनच कागद. तिसऱ्याची वाट बघण्यात दोन महिने गेले आणि एका सकाळी भाकरी चावताना दाढ आपोआप पडली. वामनरावांनी मिसलीत शेवटची नोंद केली, 'माल परस्पर निकाली. खर्च निरंक.'

मिसल म्हणजे फाइल. निजामाच्या वेळचा शब्द, आमच्याकडे दफ्तरात अजून चालतो. वामनरावांच्या घरी अशा मिसली एका पत्र्याच्या पेटीत लाल फितीत बांधून ठेवलेल्या असत. कुकरची एक, पंख्याची एक, दाढेची एक. शांताबाई मला म्हणायच्या, "माह्या लग्नाच्या वक्ताले यायनं तीन कागद मागतले असते तं मी सुटली असती, भाऊजी."

आम्ही हसायचो. पुढे जे झालं ते आधी कळलं असतं तर हसलो नसतो.

सुमन त्यांची एकुलती मुलगी. नागपूरला आत्याकडे राहून चित्रकलेचा डिप्लोमा केला. तिथल्या एका प्रकाशकाकडे सहा महिने काम करता करता कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली. तो मुलांच्या रंगवायच्या वह्या आणि वाढदिवसाची कार्डं छापायचा. पुढे मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळही काढायचं त्याच्या मनात होतं. त्याने सुमनला सांगितलं, तुझं स्वतःचं यंत्र असेल तर आदिलाबादेत बसून माझं काम कर, महिन्याला अडीच हजार देईन. चित्रांच्या फाइली फ्लॉपीत मावत नव्हत्या, म्हणून महिन्यातून एकदा यंत्रच उचलून नागपूरला न्यावं लागणार होतं. शिवाय आमच्याकडे वीज दिवसातून चार-चार तास जायची. म्हणून टेबलावरचा कॉम्प्युटर नव्हे, लॅपटॉप. बॅटरीवर चालणारा, चित्रांना पुरून उरणारा आणि खेळसुद्धा न अडखळता दाखवणारा.

वामनरावांनी तलमडुगू गावची साडेतीन एकर जमीन विकून एक लाख तीस हजार रुपये तिच्या लग्नासाठी ठेवले होते. सुमनने वडिलांना सरळ विचारलं, "बाबा, माह्या लग्नाचं राहू द्या. त्या पैशात मले यंत्र द्या. यंत्र आलं तं मी इथंच राहीन, तुमच्यापाशी. नाई आलं तं मले हैदराबादले नोकरी पाहाव लागंल."

आमच्या वसाहतीत असं मागणारी मुलगी दुसरी नव्हती आणि असं ऐकून घेणारा बापही नव्हता. वामनराव म्हणाले, "मंजूर. पण रूलनं."

त्या 'पण'ला दीड वर्ष लागलं.

आधी सुमनला मागणीपत्र लिहावं लागलं. ते थेट वडिलांकडे देता येत नव्हतं. योग्य मार्गाने, म्हणजे आईच्या शिफारशीने यायला हवं होतं. सुमनने खाली लिहिलं, 'अर्जदार, वय आज रोजी चोवीस. मंजुरीच्या दिवशी किती असेल ते समितीने ठरवावं.' शांताबाईंनी शिफारस लिहिली, 'देऊन टाका.' वामनरावांनी तो अर्ज शेरा अपुरा आहे म्हणून परत केला.

मग कोटेशनं. नागपूरचं एक, नांदेडचं एक, हैदराबादचं एक. हैदराबादचा दुकानदार एसटीडीवर फोन केला की दर वेळी म्हणायचा, "रेपु सार, रेपु." रेपु म्हणजे उद्या. वामनरावांनी त्या उद्यांची वेगळी नोंद ठेवली होती. अकरा झाल्यावर कागद आला.

नागपूरला आम्ही तिघं सकाळच्या बसने गेलो. दुकानदाराने यंत्र किती ताकदीचं आहे ते दाखवायला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला आणि म्हणाला, जो खेळात अडकत नाही तो कामात काय अडकेल. वामनरावांना हे पटलं. त्यांनी चष्मा सारखा केला, स्वतः बसले आणि बटणं दाबू लागले. गाडी वेगात निघाली तसे ते "हो, हो, होर्र" करून तिला बैलासारखी थांबवायला लागले. गाडी भिंतीवर आदळली. सुमन हसून हसून खाली बसली. वामनराव मात्र गंभीर. तुलनातक्त्यात चौदावा रकाना 'खेळ' असा होता, त्यात त्यांनी लिहिलं, 'गाडी भिंतीला धडकली. दोष यंत्राचा की चालकाचा, तहकिकात बाकी.'

दुकानदार वैतागून म्हणाला, "चाचाजी, लेना है कि सिर्फ कागज जमा करना है?"

"लेना हय. मगर कायदे से."

कायद्याची अडचण अशी झाली, की तुलना एकाच वस्तूची करायची असते आणि तीन दुकानांत एक वस्तू नव्हती. एकाचा पडदा मोठा, दुसऱ्याची डिस्क मोठी, तिसऱ्याची बॅटरी जास्त चालणारी. समितीने त्यावर तीन बैठका घेतल्या. कोटेशनची मुदत तीस दिवसांची होती. आम्हाला चव्वेचाळीस लागले. नागपूरचा दुकानदार म्हणाला, ते मॉडेल बंद झालं.

सत्त्याण्णव साली दुसरी फेरी. त्याच ताकदीचं नवीन यंत्र आता एक लाख साडेचार हजाराला मिळत होतं.

"पाहा भाऊ," वामनराव मला म्हणाले, "थांबलो म्हणून साडेतेरा हजार वाचले. लोक काऊन घाई करतेत काय मालूम."

खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. तो साडेतेरा हजारांचा आकडा मी लाल शाईने तक्त्याच्या तळाशी लिहिला. प्रकाशकाचे महिन्याचे अडीच हजार त्या वर्षात सुमनला मिळाले नव्हते. वर्षाचे तीस हजार होतात. त्याला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. एकोणीस रकाने होते, हा नव्हता. हे गणित मी तेव्हा केलं नाही.

सुमन तोवर हाताने कागदावर चित्रं काढून नागपूरच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायची. त्याचे निम्मेच पैसे यायचे. दुसरी फेरीही मुदतीत बसली नाही.

वामनराव असे का, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी त्यांना कधी टोकलं नाही. १९८३ साली ऐन पावसाळ्यात आमच्या खात्याचा पाणी खेचायचा पंप बंद पडला. गावाला तीन दिवस पाणी नव्हतं. बाया रिकामे हंडे घेऊन दफ्तराच्या दारात बसल्या होत्या. वामनरावांनी एका दुकानातून सातशे चाळीस रुपयांचा सुटा भाग तिथल्या तिथे घेतला. संध्याकाळी पाणी आलं. बायांनी त्यांना दुवा दिली. आणि ऑडिटने विचारलं, बाकीचे दोन कागद कुठे आहेत? चौकशी सहा वर्षं चालली. दोन वेतनवाढी थांबल्या. एका पैशाचाही घोटाळा निघाला नाही, तरी थांबल्या त्या थांबल्याच. त्या चौकशीचे कागद मीच टाचून वर पाठवले होते.

शांताबाई म्हणायच्या, "त्याच्या आधी हे असे नोयते, भाऊजी. बाजारातून दोन्ही हातानं भाजी आनत."

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये नशीब उघडलं. एकच मॉडेल, एकाच ताकदीचं, तिन्ही दुकानांत निघालं. तिन्ही कागद मुदतीत आले. सगळ्यात कमी नागपूरचा, शहाण्णव हजार चारशे. वामनरावांनी बँकेतून ड्राफ्टचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला. त्याच आठवड्यात प्रकाशकाचं पत्र आलं. मुलांच्या खेळाचं काम सुरू होत आहे. पंधरा एप्रिलपर्यंत यंत्र आलं तर सगळी चित्रं सुमनची, वर्षभराचं काम. नाही आलं तर दुसऱ्या कुणाला देईन.

वामनरावांनी ते पत्र मिसलीच्या वर लावलं, 'अर्जंट' असं लिहिलं आणि मिसल तपासायला माझ्याकडे पाठवली.

मी बेरीज केली. मूळ किंमत, विक्रीकर, पोचवण्याचा खर्च. दुकानदाराची एकूण रक्कम तीनशे बारा रुपयांनी जास्त होती. मी पुन्हा बेरीज केली. तीनशे बारा. मी शेरा मारला, 'बेरीज चुकली आहे. दुरुस्त कोटेशन मागवावं.'

सुमन त्याच दुपारी आमच्या अंगणात आली.

"काका, ते जास्तीचे तीनशे बारा मी माह्याकडून देते. तुमी सही करा."

"पैशांचा प्रश्न नाही सुमन, बेरजेचा आहे."

ती जायला वळली. मग म्हणाली, "तुमी दोघं सारखेच हा, काका. एकाले झाकाव आन् दुसऱ्याले काढाव."

संध्याकाळी वामनराव स्वतः आले. मला वाटलं, सही मागतील. मागितली असती तर मी केली असती, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. पण त्यांचा चेहरा फुलला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "असा पायजे तपासणारा! आता पाहू कोन ऑडिट बोट ठेवते!"

दुरुस्त कोटेशन पोस्टाने यायला एकोणीस दिवस लागले. ते वीस एप्रिलला आलं. बेरीज बरोबर होती. प्रकाशकाने काम नागपुरातल्याच एका चित्रकाराला दिलं होतं, ज्याच्याकडे स्वतःचं यंत्र होतं.

सुमन रडली नाही, भांडली नाही. तिने एक कागद लिहिला, 'मागणी मागे घेत आहे.' खाली सही, तारीख. आणि तो योग्य मार्गाने, आईच्या हातून, वडिलांकडे पाठवला. शांताबाईंनी या वेळी शेरा लिहिला नाही.

जूनमध्ये तिला हैदराबादला कॉम्प्युटरवरच्या खेळांना चित्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पगार चार हजार, राहायला बायकांचं वसतिगृह. बसस्टँडवर आम्ही सगळे होतो. वामनराव कंडक्टरला विचारत होते, कोणत्या सीटवर धक्के कमी बसतात. कंडक्टर म्हणाला, मधली. त्यांनी सुमनला मधल्या सीटवर बसवलं, तिची पिशवी वर ठेवली, खाली उतरले, पुन्हा वर चढले आणि पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. बस निघाल्यावर शांताबाई म्हणाल्या, "काई बोलाव तं होतं लेकीसंगं." ते म्हणाले, "काय बोलू? बोलाले लागलो असतो तं बस चुकली असती."

मला वाटलं, विषय संपला. लाल फीत बांधून मिसल पेटीत जाईल.

ऑक्टोबरात एका सोमवारी वामनरावांनी रजा टाकली. त्यांच्या सगळ्या नोकरीत मी त्यांना रजा घेताना चार वेळा पाहिलं होतं. संध्याकाळी ते नागपूरच्या बसमधून उतरले ते दोन्ही हातांनी एक खोकं पोटाशी धरून. लॅपटॉप. एक्क्याण्णव हजार रुपये. पहिल्या दुकानात शिरले, दुकानदाराने जो आकडा सांगितला तो दिला.

मी चकित होऊन विचारलं, "तक्ता कुठे आहे, वामनराव?"

"भाऊ, पोरगी दिवाळीले येऊन राह्यली."

सुमन दिवाळीला तीन दिवसांसाठी आली. नरकचतुर्दशीच्या दिवशी दुपारी ती ओसरीवर भिंतीला टेकून, यंत्र मांडीवर घेऊन बसली आणि चित्र काढू लागली. खिडकीत ठेवलेला बापाचा चष्मा काढला. हुबेहूब, एका काडीला बांधलेल्या दोऱ्यासकट. वामनराव तिच्या शेजारी स्टुलावर. वीज गेली तरी यंत्र चालू राहिलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू बॅटरी त्यांनीच घडवली होती.

"कसं हाय यंत्र?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चांगलं हाय, बाबा." ती पडद्याकडे पाहत म्हणाली, "मेमरी थोडी कमी पडते."

"कमी पडते?"

"थोडी."

"वाढवली तं इथं काम जमते?"

सुमनने यंत्राचं झाकण हळूच मिटलं. "पाहू ना, बाबा."

जायच्या दिवशी ती आमच्याकडे निरोप घ्यायला आली. मी विचारलं, खरंच मेमरी कमी आहे का? ती हसली, पण डोळ्यांनी नाही. "काका, हापिसात याच्या तिप्पट ताकदीची यंत्रं हायेत. आन् मेमरीचं काय घेऊन बसले? मी आता तिथलीच झाली. बाबाले कसं सांगू? मेमरीवर ढकललं."

"मी सांगू का त्यांना?"

"नका सांगू. तुमी आता काईच नका तपासू."

मी सांगितलं नाही. यंत्र ती घरीच ठेवून गेली. वामनराव रोज सकाळी ते यंत्र टॉवेलातून काढायचे, वीज असेपर्यंत चार्ज करायचे आणि पुन्हा टॉवेलात गुंडाळून सुमनच्या टेबलावर ठेवायचे. चालू करायचे नाहीत. शांताबाईंनी एकदा विचारलं, तुमी तरी गाड्या खेळा. ते म्हणाले, "नको. तिचं चित्र पुसलं तं?"

जानेवारीत त्यांनी मला नागपूरला चला म्हटलं. मी गेलो. मी नाही कसं म्हणणार होतो? बसमध्ये दोनशे किलोमीटर ते खोकं मांडीवरच होतं. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी वर उचलून धरायचे.

दुकानदाराने यंत्र पाहिलं, उघडलं, डोकं हलवलं. "चाचाजी, आपके भले की बोलता हूँ. इसमें और पैसा मत डालो. थोड़ा रुको. छह महीने में इससे दुगना तेज और इससे सस्ता आएगा."

दुकानात कुणीतरी खेळ लावून बसलं होतं. त्या पडद्यावर गाड्या धावत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"रुकना नहीं," वामनराव म्हणाले. "और नया भी नहीं. बच्ची को इसकी आदत हो गई है."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर रस्त्याकडे पाहिलं.

त्याने मागचं झाकण उघडून बोटाएवढी पट्टी बसवली. पाच मिनिटांचं काम. मेमरीचे सहा हजार दोनशे आणि बसवायचे दोनशे, असे सहा हजार चारशे रुपये वामनरावांनी त्या दुकानदाराला रोख दिले.